वयही खोडा!

मिरजेच्या द्वारकाबाई शिराळकर बहात्तराव्या वर्षी आरोग्य विमा घ्यायला निघाल्या. गुडघ्यांचं ऑपरेशन आज ना उद्या करावंच लागणार होतं.

विमा कचेरीतले नाडगौडा साहेब रुबाबात म्हणाले, "आजी, नियम सोपा आहे. पॉलिसीच्या आधीपासून जे असेल, ते विम्यात धरत नाही." आणि ते लाल पेनाने अर्जावर खोडत सुटले. गुडघेदुखी आधीची, म्हणून गुडघे बाद. चष्मा होता, म्हणून डोळे बाद. लहानपणी एकदा कान फुटला होता, म्हणून दोन्ही कानही गेले. शेवटी बाईंच्या करंगळ्या तेवढ्या विम्यात उरल्या.

"आणि हप्ता?" बाईंनी विचारलं.

"वय जास्त, म्हणून हप्ता दुप्पट."

"हे वय मला कधीपासून आहे हो?"

"म्हणजे काय, आधीपासूनच की!"

"मग तेही खोडा, आणि आज जन्मलेल्या बाळाचा हप्ता लावा. वय धरायचं असेल, तर त्याच वयाचे गुडघेही धरा."

रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं, घाम पुसला, कोरा अर्ज काढला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, 'गुडघे, दोन्ही.'