येसाक्कानं चाखलेला डोह

पैज लागली संभा न्हाव्याच्या पिंपळाखाली, आणि लागली ती हैबती पाटलाच्या मिशीवर!

तेव्हा कृष्णाकाठच्या आमच्या कुरणवाडीत निवांतमहाराजांचा मुक्काम होता. देवळात नाही हो, धर्मशाळेत नाही, थेट भोयांच्या आळीत. दरवर्षी महाराज नदीच्या कडेकडेनं पायी फेरीला निघायचे. वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, एकेक घाट, एकेक मुक्काम. त्या वर्षी बरोबर यायला येसाक्का भोईण तयार झाली. साठी उलटलेली, एकटी बाई.

तिचा एकुलता लेक सुभाना पर्वणीला, उत्सवाला घाटाघाटावर जायचा आणि भोपळ्यांच्या सांगडीवरून माणसं पैलतीरी न्यायचा. घरी येताना तांब्याच्या गडूत त्या घाटाचं पाणी आणायचा. "आये, तुला गाव दावायला जमत न्हाई, तर निदान पाणी तरी चाख," म्हणायचा. पाणी चाखवत चाखवत गावाचं वर्णन करायचा. सात वर्षांमागं "औंदा औदुंबरचं आणतो" म्हणून गेला तो गेलाच. कुठं बुडाला, कुणाला पत्ता नाही. गावानं सांगितलं, आक्का, पोराचे दिवस घाल, मोकळा कर त्याला. येसाक्का म्हणायची, "कुठं हाय ते कळंना, आन् मी त्याला निरोप दिऊ कसा?"

तर संभा हैबतीची दाढी करता करता बोलून गेला, "पाटील, म्हातारी नुसतं चाखून घाट सांगते बरं का."

हैबती अर्ध्या दाढीनिशी उठून बसला. "थापा मारू नकोस! नदी एक, पाणी एक. ही काय जिभेनं गावं बघती?"

"लावता पैज?"

"लावली. हरलास तर वर्षभर माझी म्हस फुकट भादरायची."

"आन् तुम्ही हरलात तर?"

हैबतीनं मिशीवर हात फिरवला. त्या मिशीच्या लोण्यासाठी घरात वेगळी वाटी होती, आता बोला! "तर ही भर घाटावर उतरव."

पिंपळाखालच्या मंडळींनी कानांवर हात ठेवले. मिशी उतरते ती घरातलं माणूस गेल्यावर. पण पाटील बोलला ते बोलला, आणि पंच म्हणून स्वतःच फेरीबरोबर निघाला. संभा वस्तरा घेऊन मागोमाग.

वाईला घाटाच्या पायऱ्यांवर हैबतीनं ओंजळभर पाणी पुढं केलं. येसाक्कानं डोळे मिटले. "वाई. दगुड धुतल्यावानी चव हाय. सुभाना म्हणायचा, हितं घाटावर देवळंच देवळं, पाय ठिवाय जागा न्हाई." मग डोळे उघडून समोरची देवळं बघत कितीतरी वेळ उभी राहिली. पोरानं सांगितलेलं सगळं जागच्या जागी होतं.

हैबतीनं मनात म्हटलं, वाई कोण ओळखणार नाही? त्यानं गुपचूप वाईचंच पाणी भोपळ्यात भरून घेतलं आणि माहुलीच्या संगमावर ते तिला पाजलं.

"पाटील, ही तर वाई. शिळी झालीया."

संभा पोट धरून हसला. महाराज तेवढं म्हणाले, "हैबतराव, ओझं वाहून दमला असाल. भोपळा द्या इकडे." मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला! पण खोड जाते कुठं? कऱ्हाडला त्यानं कृष्णा आणि कोयना दोन्हींचं पाणी वेगवेगळं दिलं, म्हातारीनं दोन्ही सांगितली. वर म्हणाली, "सुभाना म्हणायचा, हितं दोघी बहिणी समूरासमूर येऊन गळ्यात पडत्यात." आणि पदर डोळ्याला लावून घाटावर खाली बसली. संभाचं हसणं तिथंच थांबलं.

हैबती मात्र आतून पेटला होता. औदुंबर एका मजलेवर आलं. भर दुपारी महाराज एका उजाड जागी थांबले. पडका घाट, वर बाभळी, खाली काळा डोह. गाव नाही, देऊळ नाही. हैबती खूश! असल्या बेवारस जागेचं पाणी सुभानानं घरी कशाला नेलं असेल? ओंजळ भरली आणि आला. "आक्का, हा घाट कोणचा?"

येसाक्का प्यायली. परत प्यायली. "ही चव न्हाई ठावी मला."

"हरली! संभा, म्हस भादर!"

पण म्हातारीचा हात छातीशी गेला होता. लुगडं भिजलं होतं. बघता बघता दोन्ही बाजूंनी भिजलं. अहो, साठी उलटलेल्या बाईला पान्हा फुटला होता!

"घाट न्हाई ठावा," ती म्हणाली, "पर हितं माझा सुभाना हाय."

हैबतीच्या तोंडातलं हसू तोंडातच राहिलं.

महाराज उठले, गुडघाभर पाण्यात गेले आणि घरातल्या पोराला हाक मारावी तसे म्हणाले, "सुभाना, आई आली आहे रे."

वारा पडलेला. पान हलत नव्हतं. डोहाच्या मधोमध पाणी जरासं उकळल्यासारखं झालं आणि वर आला तांब्याचा गडू! भरलेला गडू, तळाला जायचा तो, तरंगत तरंगत महाराजांच्या हाताशी आला. तोंडाला फडकं बांधलेलं. महाराजांनी तो येसाक्काच्या मांडीवर ठेवला. तिनं फडकं सोडलं. आत उंबराचं एक पान, आत्ता खुडल्यासारखं हिरवं.

"औदुंबरचं आणलं व्हतं गं माझ्या वासरानं! घराकडंच निघाला व्हता!" सात वर्षं आत कोंडलेला तिचा टाहो त्या काठावर फुटला. तान्ह्याला घ्यावं तसा गडू छातीशी धरून ती डुलत राहिली.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "महाराज, तुमच्या हाकंला ओ देतो त्यो. माघारी न्हाई का येणार?"

महाराजांचे डोळे भरून आले. "नाही येणार, आक्का. एवढंच त्याच्या हाती राहिलं होतं, ते त्यानं दिलं. आता तुम्ही त्याला जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी औदुंबरच्या घाटावर भटजींनी विचारलं, सुभानाच्या क्रियेला कोण बसणार? येसाक्काला दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा गर्दीतून हैबती पाटील पुढं आला आणि संभासमोर मांडी घालून बसला.

"पाटील, पैज तर तुम्ही जिंकलात," संभा हळूच म्हणाला. "तिनं चव वळखली न्हाई."

"गप. मी माहुलीला लबाडी केली, काल बी तिला हरवायलाच पाणी आणलं. चालव वस्तरा."

संभानं वस्तरा पाजळला. भर घाटावर, शेकडो माणसांसमोर पाटलाची मिशी पायरीवर पडली, मग डोक्यावरचे केस. कुणी हसलं नाही. हैबतीनं भोयाच्या पोराला पाणी दिलं, पिंड ठेवला. कावळा शिवला तेव्हा येसाक्कानं डोळे मिटून घेतले.

ओल्या धोतरानिशी हैबती महाराजांच्या पायांवर वाकला. महाराजांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि येसाक्काकडं वळवलं. त्यानं त्या माऊलीच्या भेगाळल्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

येसाक्कानं त्याच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. मग ओठावर जिथं मिशी होती तिथं बोट टेकवलं.

"गार वारं हाय, लेकरा," ती म्हणाली, आणि आपला पदर त्याच्या डोक्यावर ओढून घेतला.