हौसाबाईच्या भट्टीचा कागद

"वीस वर्षांपूर्वीचा, नगरपरिषदेचा कागद आणा. नाहीतर गुरुवारच्या सभेनंतर भट्टी उचला!" असं नगराध्यक्ष धैर्यशीलराव खलाटे भर फाटकात म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले.

हौसाबाई भोई रांजणपूर नगरपरिषदेच्या फाटकाशी चणे-फुटाणे भाजून विकत. बावीस वर्षं तीच जागा. आता तिथं संगमरवरी कारंजं व्हायचं होतं. नगराध्यक्षांनी पुण्याच्या कुठल्याशा हॉटेलात तसं कारंजं पाहिलं आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेनासं झालं होतं. गावाच्या नळाला पाणी एक दिवसाआड, पण कारंजं पाहिजेच. अडचण एवढीच, की वीस वर्षांहून जुन्या विक्रेत्याला जागेवरून उठवू नये, असा नगरपरिषदेचाच नियम होता. नियम मोडायचा नाही आणि बाईंनाही तिथं बसू द्यायचं नाही, म्हणून साहेबांनी कागदाची ही अट काढली.

हौसाबाईंनी साक्षीदार चालतील का, म्हणून विचारून पाहिलं. शाळेत जाताना त्यांचे फुटाणे खाल्लेली दोन पोरं आता नगरसेवक होऊन आत बसत होती. तरी साक्ष चालणार नव्हती. रेशनकार्डावर पत्ता घरचा, भट्टीचा नव्हे. बाजारकराच्या पावत्या दाखवाव्यात, तर त्या फाडायला नगरपरिषदेनं सुरुवातच आठ वर्षांपूर्वी केलेली. असा कागद बाईंकडे असणं शक्यच नाही, हे धैर्यशीलरावांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते निर्धास्त होते.

हौसाबाई मात्र धास्तावल्या. धाकटी लेक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचं शिक्षण या कढईतूनच निघत होतं. जागा गेली तर पोरीला घरी बसवावं लागणार होतं. त्या दिवशी त्यांच्या हातून दोनदा चणे करपले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या साहेबांच्या गाडीला आडव्या गेल्या. नगरपरिषदेचा कुठलाही कागद चालेल ना, असं त्यांनी चार माणसांदेखत विचारलं.

"कुठलाही आणा," धैर्यशीलराव मिशीत हसत म्हणाले. "आणि त्यावर माझं नाव निघालं, तर मीच तुम्हाला हात जोडीन."

गुरुवारी सभा भरली. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं. मोकाट कुत्र्यांचा विषय नेहमीप्रमाणे पुढच्या सभेवर ढकलला गेला. दिवाबत्तीवर एकजण तावातावानं बोलला, बाकीच्यांनी तेवढ्यात डुलकी काढली. सातवा विषय फाटकावरच्या भट्टीचा होता, तेव्हा शिपायानं हौसाबाईंना आत बोलावलं.

कागद आणला का, असं अध्यक्षांनी विचारलं.

"आणलाय की," हौसाबाई म्हणाल्या. "एक देऊ का अकराच्या अकरा देऊ?"

आणि त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. प्रत्येक सभेचं इतिवृत्त छापून सगळ्या सदस्यांना मिळतं. सदस्य ते न वाचता रद्दीत घालतात आणि ती रद्दी पुड्या बांधायला हौसाबाईंकडे येते. हौसाबाई चौथी शिकलेल्या. पुडी बांधण्याआधी कागद वाचायची त्यांची खोडच होती, आणि ज्या कागदावर स्वतःचं नाव दिसे, तो त्या बाजूला काढून ठेवत. एवढ्या मन लावून इतिवृत्त वाचणारी व्यक्ती त्या गावात दुसरी नव्हती, सदस्य धरूनसुद्धा.

सभालिपिक देवधरांनी वरचा कागद वाचला. फाटकासमोर भट्टी लावून बसणाऱ्या हौसाबाई भोई यांना तात्काळ हटविण्यात यावे. सर्वानुमते मंजूर. तारीख तीन वर्षांपूर्वीची. खालचा कागद पाच वर्षांपूर्वीचा, मजकूर तोच, 'तात्काळ' हा शब्दसुद्धा तोच. त्याखालचा नऊ वर्षांपूर्वीचा. डुलक्या घेणारे जागे झाले. देवधरांनी कपाटातली जुनी दप्तरं काढून ताडून पाहिली. अक्षरन् अक्षर जुळत होतं.

अगदी तळाचा कागद हातात घेतल्यावर देवधर अडखळले.

"वाचा हो," अध्यक्ष म्हणाले.

"एकवीस वर्षांपूर्वीचा आहे, साहेब. 'हौसाबाई भोई ही बाई गेले वर्षभर फाटकाशी बसून वाट अडवीत आहे, सबब तिला तात्काळ हटविण्यात यावे. सूचक, श्री. धैर्यशील खलाटे.'"

साहेब तेव्हा पहिल्यांदाच निवडून आले होते आणि सभागृहातली ती त्यांची पहिलीच सूचना होती. ते टाळूपर्यंत लाल झाले.

हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, वीस वर्षांपूर्वी मी इथं बसतच नव्हते, तर तुम्ही उठवत कुणाला होता?"

मग आधी देवधरांना हसू फुटलं आणि पाठोपाठ खुद्द अध्यक्ष खो खो हसत सुटले. माणूस हट्टी होता, पण शब्दाचा पक्का होता. उठून त्यांनी सगळ्यांसमोर बाईंना हात जोडले. कारंजं बागेत जाईल, भट्टी जागची हलणार नाही, शिवाय तिच्यावर नगरपरिषद पत्र्याचं पक्कं छप्पर घालून देईल, असं त्यांनी जाहीर केलं.

"देवधर, ठराव लिहून घ्या. सूचक मीच!"

हौसाबाई घाईघाईनं पुढं झाल्या. "छप्पर द्या साहेब, पण ठराव तेवढा नको. उठवायचे अकरा ठराव झाले, म्हणून मी बावीस वर्षं बसले. आता बसवायचा ठराव झाला, तर माझं कसं व्हायचं?"

धैर्यशीलरावांनी चष्मा काढून डोळे पुसले, तरी हसू आवरेना. त्यांनी देवधरांना पेन मिटायला लावलं आणि खिडकीतून बांधकाम खात्याच्या माणसांना हाक मारली.

दुपारी चार वाजता भट्टीवर नवंकोरं छप्पर उभं होतं, आणि नगरपरिषदेच्या दप्तरात त्याची एका ओळीचीसुद्धा नोंद नव्हती.