येसाक्काचा दाखला

चिंचगडच्या रणधवल महाराजांनी एके सकाळी फर्मान काढलं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी प्रौढशाळेत यायचं, आपलाच धंदा नव्याने शिकायचा आणि दाखला मिळवायचा. दाखला नाही, त्याची हत्यारं जप्त! शेजारच्या राज्यात घरोघरी भिंतीवर टांगलेले दाखले महाराजांनी पाहिले होते, आणि तेव्हापासून आपल्या राज्यातल्या भिंती त्यांना फारच ओक्याबोक्या वाटत होत्या.

शाळेवर गुंडोशास्त्रींची नेमणूक झाली, ती अगदी गुणांवर. प्रधानजींचे ते सख्खे मेहुणे होते, हा गुण काय थोडा झाला? शास्त्रीबुवांनी एकट्याने बावीस धंदे शिकवायला घेतले. नांगरटीचा वर्ग दिवाणखान्यात गालिच्यावर भरे. नावाड्यांना भिंतीवर नाव काढून दाखवली जाई, आणि ती एकदाही बुडाली नाही याचा शास्त्रीबुवांना रास्त अभिमान होता. कुंभारांना मातीवरचे अठरा श्लोक पाठ करायचे होते. तीन महिन्यांत श्लोक पाठ झाले, पण गावात पाणी प्यायला मडकं मिळेना. महाराज मात्र खूश होते, कारण भिंती भरत होत्या.

मग पाळी आली सुइणींची. त्यांच्यात सत्तरीची येसाक्का होती. गेली पन्नास वर्षं गडावरची नि गडाखालची बाळंतपणं तीच करत होती. शास्त्रीबुवांचा बाळंतपणाशी संबंध स्वतःच्या जन्मापुरताच आलेला, पण त्यांनी समोर एक भोपळा ठेवला नि तासभर व्याख्यान दिलं. येसाक्काचं अर्धं लक्ष कुंभारवाड्यात होतं. तिथल्या रखमाचे दिवस भरत आले होते, आणि पोटातल्या पोराचे पाय खाली होते.

तिने विचारलं, "शास्त्रीबुवा, पोर पायाकडनं आलं तर काय करायचं वो?"

शास्त्रीबुवांनी पोथीची पानं पुढे उलटली, मागे उलटली.

"तो धडा पुढच्या वर्षी."

"मग पोराला काय सांगू? पुढल्या वर्सी ये म्हनून?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शास्त्रीबुवांनी येसाक्काला तिथल्या तिथे नापास केलं. तिचा बटवा जप्त झाला. नाळ कापायची सुरी, दोरा, हळदीची पुडी, सगळं गेलं. वर ताकीद मिळाली, की दाखल्याशिवाय कुणाच्या बाळंतपणाला हात लावलास तर थेट तुरुंग!

येसाक्काला राग आला तो नापास झाल्याचा नव्हे. रखमाजवळ आता तो भोपळेवाला जाणार, याचा. ती तडक दरबारात गेली.

दरबारात मोठं राजकारण चाललं होतं. महाराज होते पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पाय पुढे करून आलेले. पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेतली उसण पळते, अशी चिंचगडात सगळ्यांची खात्री होती. सेनापतींच्या कमरेत उसण भरली होती. महाराजांनी त्यांना लाथ घातली. सेनापती "वाहवा!" म्हणाले आणि कण्हत जागेवर बसले.

येसाक्काने मुजरा केला. "सरकार, माजा बटवा द्या. रखमा आज-उद्यात मोकळी व्हायची."

"दाखला आण, बटवा घेऊन जा," महाराज म्हणाले. "नियम म्हणजे नियम!"

"कुटला बी दाखला चालंल?"

"मुळीच नाही!" गुंडोशास्त्री पुढे सरसावले. "दाखल्यावर राजघराण्याची खूण हवी. त्यात खाडाखोड होता कामा नये. आणि आमची शिकवणी म्हातारीला नकोच आहे, तेव्हा दाखला शाळा उघडण्याआधीचा हवा!"

"शाळेआधीचा दाखला येणार कुठून?" महाराज खुशीत हसले. "पण शास्त्रीबुवा म्हणतात तसंच. सूर्य मावळायच्या आत आण, नाहीतर बटवा कायमचा सरकारजमा."

"सूर्य कशाला मावळाय पायजे?" येसाक्का म्हणाली. "दाखला हितंच हाय की!"

"कुठे आहे?"

"सरकारांच्या अंगावर. तेवढा अंगरखा वर करा."

दरबार हबकला. प्रधानजींनी डोळे मिटून घेतले. महाराज मुळातच हट्टी. त्यांनी तावातावाने अंगरखा वर केला. "बघ! कुठे आहे दाखला?"

"ती काय बेंबी!" येसाक्काने बोट दाखवलं. "शेचाळीस वर्सांमागं ह्याच हातांनी नाळ कापून गाठ मारली म्या. राजघराण्याची खून हाय, शाळेआधीची हाय. आन् शास्त्रीबुवांनी खाडाखोड करून दाखवावी!"

शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं, पण महाराजांच्या पोटावर खाडाखोड करण्याची त्यांची तयारी दिसली नाही.

"तुमास्नी काय आठवनार म्हना, तवा तुमी लई रडत व्हता," येसाक्का पुढे म्हणाली. "पायाकडनं आला व्हता तुमी, सरकार! त्यो धडा पुढल्या वर्सीचा. पर थोरल्या रानीसायबांस्नी तेवढी सवड नव्हती."

महाराजांनी एकदा बेंबीकडे पाहिलं, एकदा पायांकडे, आणि मग असे हसले की दाखला वरखाली उडू लागला!

"पास!" ते ओरडले. "आणा तो बटवा! आणि आजपासून शाळा येसाक्काची. ज्याचा धंदा, तोच गुरुजी! शास्त्रीबुवा पहिल्या बाकावर, शिकायला! आक्का, आणखी काय देऊ?"

"सरकारांची पालखी द्या. रखमापातुर जायाला."

पालखी दारात लागली. गुंडोशास्त्री निरोपाचा मुजरा करायला घाईघाईने वाकले ते वाकलेलेच राहिले. "अयाई गं! उसण!"

येसाक्काने पालखीतून डोकं बाहेर काढलं. "सरकार, लई कष्टानं भाईर काढल्यात म्या त्ये पाय. घाला की कामाला!"

महाराजांनी हसत हसत पाय उचलला.