शतावरीची परीक्षा

कोणे एके काळी तेलाच्या घाण्याची कुरकुर ऐकत जागं होणाऱ्या एका गावात एक वैद्य राहत होता. माणूस भला, पण बढाईखोर. “माझी शतावरी दिली तर दगडालाही पान्हा फुटेल,” असं तो येता-जाता सांगायचा.

त्या वर्षी गावात दोन बाळंतिणी होत्या, एक तेल्याची सून आणि एक कुंभाराची. दोघींनाही दूध पुरत नव्हतं. बाळं रडून रडून सुकत चालली होती आणि दोन्ही घरांत कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तेल्याची म्हातारी जिभेने तिखट. ती वैद्याला म्हणाली, “वैद्यबुवा, गुण शतावरीचाच, हे कशावरून? एकदा पारखून तरी बघा.”

वैद्य इरेला पेटला. त्याने सारख्या दिसणाऱ्या दोन पुड्या बांधल्या. एकीत शतावरी, दुसरीत नुसती भाजलेली कणीक आणि साखर. “कुणाला काय दिलं ते मी सांगणार नाही. रोज दुधातून घ्या,” तो म्हणाला. दोन्ही घरं कबूल झाली.

थोड्याच दिवसांत तेल्याच्या सुनेला भरपूर दूध येऊ लागलं. बाळाने बाळसं धरलं. कुंभाराच्या घरी मात्र रडं तसंच. “शतावरी तेलिणीला मिळाली!” गाव म्हणालं, आणि लोक नारळ घेऊन वैद्याच्या दारी आले.

वैद्याचा चेहरा उतरला. कारण शतावरी त्याने कुंभारणीला दिली होती. हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसला असता तर जन्मभर मान मिळाला असता. पण कुंभाराचं बाळ अजून उपाशी होतं, ते त्याला बघवेना.

नुसत्या कणकेवर दूध आलं कसं, ते बघायला तो तेल्याकडे गेला. बघतो तर म्हातारी स्वतः घाण्याचा बैल हाकत होती आणि सून बाळाला पाजत निवांत बसली होती.

“पुडीत काय आहे ते तुम्ही सांगेनात,” म्हातारी म्हणाली. “कणीकच निघाली तर माझ्या नातवाने काय करायचं? म्हणून हिला म्हटलं, कामाचं मी बघते. तू पोटभर जेव, आणि बाळ मागेल तेव्हा पाज.”

वैद्य तिथून कुंभाराकडे गेला. तिथली सासू औषधावर विसंबली होती. पुडी पोटात गेली की सून माती तुडवायला, पाणी भरायला जाई. बाळ रडलं की आजी त्याला साखरपाणी चाटवी. मग ते आईकडे ओढ कशाला घेईल?

वैद्याने सगळं खरं सांगितलं. “माझी मुळी वाईट नाही, आजी. पण ती तुमच्या सुनेच्या वाटची घागर उचलत नाही.”

कुंभाराच्या म्हातारीला मनापासून वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने साखरेची वाटी फडताळात ठेवली आणि स्वतः पाण्याला गेली. हळूहळू सुनेला दूध आलं आणि बाळ हसू लागलं.

बाळाच्या उष्टावणाला सुनेने आधी सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारी संकोचली. “अगं, आधी वैद्यबुवांच्या पाया पड. मी काय केलं? चार घागरी पाणी आणलं, एवढंच.”

सुनेचे डोळे भरून आले. “आई, त्याच चार घागरींचं हे दूध आहे.”

वैद्याने हसून म्हातारीला हात जोडले.

तात्पर्य: औषधाचा गुण जरूर गावा, पण ज्याने आपलं ओझं उचललं त्याचे पाय आधी धरावेत.