लुदियाबाईची शेवटची आंघोळ

नदीकाठच्या एका गावात लुदियाबाई नावाची एक विधवा राहत होती. गावात ख्रिस्ती मंडळींची मूठभर घरं होती. त्यांतल्या कुठल्याही घरात कुणी वारलं, की निरोप आधी लुदियाबाईकडे जायचा आणि मग चर्चच्या पाळकसाहेबांकडे. कारण मयताला आंघोळ घालायचं काम तिचं. तिला ते कुणी दिलेलं नव्हतं. दुसरं कुणी पुढं होईना, म्हणून तिनं ते घेतलं होतं.

साबणाची नवी वडी आणि धुतलेली पांढरी चादर घेऊन ती यायची, दार लोटून घ्यायची आणि जिवंत माणसाशी बोलावं तसं मेलेल्याशी बोलायची. "हात जरा सैल सोडा, भाऊ. आता कुठं जायची घाई आहे?" बाहेर रडणाऱ्या बायांनाही पदराआड हसू फुटायचं. ज्यांनी जन्मभर तिच्याशी भांडण केलं, त्यांचेही पाय तिनं तितक्याच हलक्या हातानं पुसले. कुणी नवल केलं, तर म्हणायची, "प्रभूनं शिष्यांचे, जिवंत माणसांचे पाय धुतले. माझं काम त्याहून सोपं. माझी माणसं लाथ मारत नाहीत."

तिचे दोन मुलगे, शमुवेल आणि दानीएल, शहरात नोकरीला होते. दानीएलची मुलगी सुवार्ता मात्र आजीजवळ राहून तालुक्याच्या कॉलेजात शिकत होती. पोर हुशार, पण फार भित्री. झाकण पडलं तरी दचकायची. मयताच्या घरावरून जायचं म्हटलं, की लांबची वाट धरायची.

एके दिवशी सकाळी आजी उठलीच नाही.

दुपारपर्यंत दोन्ही मुलगे आले, सुना आल्या, अंगणात माणसं मावेनात. आईचा निरोप थाटाचा व्हायला हवा, असं शमुवेलनं ठरवलं. पांढरी शवपेटी सांगितली गेली. फोटो मोठा करून आणायला माणूस धाडला. गीतं कोणती म्हणायची, यावर बायांचा वाद झाला. आईच्या सेवेवर कोण किती बोलणार, यावर भावांचा झाला. उन्हं कलू लागली तेव्हा पाळकसाहेब आले आणि त्यांनी साधंच विचारलं, "बाईंची आंघोळ झाली ना?"

ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"ते काम तर लुदियाबाईच करायची," शेजारची रिबकामावशी म्हणाली.

"मग आता तुम्ही करा, मावशी," पाळकसाहेब म्हणाले.

"मी? मला बीपी आहे बाई. आणि तिला तशी बघायचं धैर्य नाही माझ्यात."

थोरल्या सुनेची कंबर धरली होती. धाकटी नुसती रडत होती. शेवटी शमुवेल म्हणाला, "शहरातून माणसं बोलावू. पैसे दिले की करतात. तासाभरात येतील."

दाराआड उभ्या असलेल्या सुवार्तानं ते ऐकलं. गावातल्या एकाही माणसाला आजीनं परक्या हातात जाऊ दिलं नव्हतं. आणि आजीला मात्र परकी माणसं पैशासाठी उलटीपालटी करणार? ती पुढं आली आणि एवढंच म्हणाली, "पाणी तापवा."

"तू?" रिबकामावशीला राहवलं नाही. "अगं, पाल बघून किंचाळतेस तू!"

सुवार्तानं फळीवरची साबणाची नवी वडी आणि धुतलेली चादर उचलली.

आत गेल्यावर तिनं दार लोटलं. खोली फार शांत होती. तिनं पांघरूण काढलं तसा आजीचा हात घसरून बाजेवर आपटला, आणि ती ओरडलीच. बाहेरून कुणीतरी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही." मग भीती घालवायला ती आजीशी बोलू लागली. आधी तोंड पुसलं. मग हात. मग चोळीची बटणं सोडली.

छातीला जुन्या पातळाचं फडकं करकचून बांधलं होतं. ते हळदीनं पिवळं झालं होतं आणि कातडीला चिकटलं होतं. सुवार्तानं कोमट पाण्यानं भिजवून भिजवून ते सोडवलं. खाली गाठ होती, फुटून चिघळलेली. एक-दोन महिन्यांची नव्हे, फार दिवसांची.

ती दचकली नाही. तिनं जखम धुतली, कोरडी केली, त्यावर स्वच्छ कापड ठेवलं. दुखेल म्हणून, अगदी हळू.

संध्याकाळी ख्रिस्ती देवळात उपासना झाली. शमुवेल आईवर छान बोलला. तिनं कुणाकुणाला आंघोळ घातली ते त्यानं सांगितलं, लोकांनी डोळे पुसले. शेवटी तो म्हणाला, "देवानं आईला प्रकृतीही दणकट दिली होती. तिनं कधी 'हाय' म्हटलं नाही. कारण तिला कधी काही झालंच नाही."

मागच्या बाकावरून सुवार्ता उठली.

"काका, आजीच्या छातीला गाठ होती. फुटलेली. फडकं बांधून ती आपल्या सगळ्यांच्या मयताला जात होती. तिला झालं होतं, काका. आपण विचारलं नाही. मी तर त्याच घरात होते."

शमुवेल खाली बसला. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. फार थोड्यांनी म्हटलं.

कबरस्तानात पेटी खाली सोडली. रिवाजाप्रमाणे पहिली माती थोरल्या मुलानं टाकायची. शमुवेलनं मूठ भरली, हात पुढं केला. पण मूठ काही उघडेना. अंधार पडू लागला, माणसं मागं ताटकळत उभी राहिली, तरी तो तसाच उभा होता.

तात्पर्य: जो सगळ्यांचं करतो, त्याला काय दुखतं हे तो हयात असतानाच विचारावं. मागून केलेली स्तुती त्याच्या जखमेला लागत नाही.