भिंतीखालचं जेवण

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. वर डोंगरातून राजाची वाट जायची आणि वाटेच्या खाली गावाची घरं होती. वाटेची कड ढासळली की माती थेट लोकांच्या अंगणात यायची. म्हणून त्या गावात एक वेगळीच शाळा होती, माती अडवायला शिकवणारी. ती हैबती वस्ताद चालवायचे.

वस्तादांची रीत अशी. मुरुमाचा थर घालायचा, चोपायचा, त्यावर वाखाची, म्हणजे घायपाताच्या धाग्यांची जाळी अंथरायची, वर परत मुरूम. असे थरावर थर चढवायचे आणि दर्शनी बाजूला दगड रचायचे. भिंत अगदी कड्यासारखी उभी राहायची. मऊ जाळी आत पडून राहते आणि एवढा मुरूम धरून ठेवते, हे बघून नवी मुलं तोंडात बोट घालायची. महिन्याभरात मात्र सगळं समजल्यासारखी माना हलवायला लागायची.

निंबाजीची मान काही हलत नव्हती. वस्ताद एके दिवशी म्हणायचे, "पाणी शिंपडा, मुरूम घट्ट बसतो." दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "पाण्याला वाट ठेवा, नाहीतर मुरूम सुटतो." बाकीचे दोन्ही वेळा "होय वस्ताद" म्हणून मोकळे. निंबाजी डोकं खाजवत विचारायचा, "मग पाणी चांगलं की वाईट? कळेना." वस्ताद सांगायचे, "किती आहे त्यावर आहे." त्यानं तर तो आणखीच गोंधळायचा. शेवटी पोरांनी त्याचं नावच 'कळेना' पाडलं.

शिक्षण संपलं की परीक्षा असायची. शिष्यानं आपल्या अकलेनं दोन पुरुष उंच भिंत बांधायची. बांधकाम चालू असताना वस्ताद तिकडे फिरकत नसत. मग भिंतीच्या माथ्यावरून दगडांनी भरलेल्या बैलगाड्या फिरवायच्या, आणि त्या फिरत असताना शिष्याच्या सगळ्यात जवळच्या माणसानं खाली भिंतीला टेकून जेवायचं. जेवण निवांत पार पडलं तर शिष्याला पितळी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते दोरीला टांगून बघायचं वजन, मिळायचा. ज्याच्याकडे तो ओळंबा, त्यालाच राजाच्या वाटेवर काम. परीक्षा संपेपर्यंत वस्ताद कोणत्याही प्रश्नाला उत्तर देत नसत.

निंबाजीला आईवडील नव्हते. त्याला कोंडाआत्यानं वाढवलं होतं. आत्या तोंडानं फटकळ, पण पोरावर जीव टाकणारी. परीक्षेच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, दुरडीत पिठलं-भाकरी बांधून लांबच्या गावाहून चालत आली. वाटेत भेटेल त्याला सांगत आली की आमचा निंबा आता ओळंबेवाला होणार.

इकडे निंबाजीनं भिंतीला शाळेचा ओळंबा लावून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. दोरी मधेच भिंतीला टेकत होती. भिंतीला किंचित पोट आलं होतं.

त्याच्याबरोबर शिकलेल्या रानोजीला कालच पितळी ओळंबा मिळाला होता. तो म्हणाला, "पोटाचं काय घेऊन बसलास? वस्तादांनाही आलंय. मुरूम बसला की एवढं यायचंच."

हे काही अगदीच खोटं नव्हतं. निंबाजी वरून बघून आला, खालून बघून आला. मुरूम तोच, जाळी तीच, दगडही तेच. मग पोट का? हे नेहमीचं पोट की वाईट पोट? त्यानं वस्तादांकडे बघितलं. वस्ताद आभाळाकडे बघत होते. निंबाजीच्या डोक्याचा पार चिखल झाला.

"बसू का रं?" आत्यानं विचारलं. "पिठलं गार व्हाय लागलंय."

"बसू नको, आत्या."

"का?"

"कळंना."

"भिंत पडनार हाय व्हय?"

"त्ये बी कळंना."

जमलेले लोक हसले. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साऱ्या वाटंनं सांगत आले म्या," ती म्हणाली. "वस्तादाच्या हाताखाली शिकलायस. न्हाई पडायची भिंत." तिनं पदर खोचला, भिंतीला पाठ टेकून खुशाल बसली आणि दुरडीवरचं फडकं सोडलं. वर गाडीवाल्यानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

निंबाजीला ओळंबा हवा होता, मनापासून हवा होता. आणि कदाचित भिंतीला काहीच झालं नसतं. काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यानं वाकून भाकरीची दुरडी उचलली आणि तडक चालू लागला. "आरं, माझी भाकरी," म्हणत आत्या उठून त्याच्या मागे धावली. गाडीवाला गोंधळून थांबला.

दुरडी लांब बाभळीखाली ठेवून निंबाजी परत आला, त्यानं कुदळ घेतली आणि स्वतःचीच भिंत वरून उतरवायला लागला. लोक म्हणाले, पोरगं खुळावलं.

दुपार कलली तेव्हा एक जाळी उघडी पडली. त्यानं ती पुढून धरून ओढली. तिचे बारीक धागे तटातट तुटले आणि एकच जाड दोरी हातात आली. निंबाजी ती दोरी ओढत गेला आणि ती भिंतीच्या लांबीनं निघत गेली.

वाखाच्या जाळीच्या गुंडाळीत लांबीनं जाणाऱ्या दोऱ्या जाड असतात. सगळं बळ त्यांचं. आडवे धागे त्यांना नुसते एकत्र ठेवायला. जाड दोऱ्या मागे डोंगराकडे गेल्या, तरच त्या भिंतीला मागून धरतात. निंबाजीनं जाळीची गुंडाळी भिंतीच्या लांबीनं सोडत नेली होती. तुकडे कापायला नकोत, अंथरायला सोपं, आणि दिसायलाही नीटनेटकं. थराथरात जाळी होती, पण भिंतीला धरणारं आत काहीच नव्हतं.

"आता कळलं," तो म्हणाला आणि त्याला रडू आलं.

"म्हणजे चूक ह्याचीच," रानोजी म्हणाला. "भिंत चुकली ती चुकली, वर परीक्षाही बुडाली."

परीक्षा मोडली होती, त्यामुळे वस्तादांना आता बोलता येत होतं. आत्यानं त्यांना गाठलं. "वस्ताद, खरं सांगा. पडली असती का वो?"

"आज पडली असती की पुढं कधीतरी गावावर पडली असती, ते मलाही सांगता येत नाही," वस्ताद म्हणाले. मग रानोजीकडे वळले. "पडणार हे कळल्यावर माणसाला कुणीही उठवतो, रानोजी. ह्याला कळत नव्हतं, तरी ह्यानं उठवलं."

ओळंबा मात्र त्यांनी दिला नाही. चुकलेल्या भिंतीला ओळंबा नाही, ही शाळेची रीत होती.

निंबाजीनं भिंत पुन्हा बांधली. या खेपेला जाळीचे तुकडे कापून, एकेका तुकड्याच्या जाड दोऱ्या डोंगराकडे करून. आत्या पुन्हा पिठलं-भाकरी घेऊन आली, पण वाटेत कुणाला काही बोलली नाही. निंबाजीनं दोरी सोडून पाहिली, परत एकदा पाहिली आणि म्हणाला, "बस, आत्या."

ती फडकं सोडते तोच शेजारी कुणीतरी मांडी घालून बसलं. हैबती वस्ताद होते. इतक्या वर्षांत ते कुठल्याही शिष्याच्या भिंतीखाली जेवले नव्हते.

"वाढा," ते म्हणाले.

वर गाड्या फिरायला लागल्या. आत्यानं भाकरी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली, आणि दोघं सावकाश जेवले.

तात्पर्य: ज्याच्या कामावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्यानं 'मला कळत नाही' हे चारचौघांत सांगायला लाजू नये, आणि कळेपर्यंत त्या कामाखाली कुणालाही बसू देऊ नये.