गोजराच्या निबंधातला बाप

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मोजणारे मोजता मोजता थकले.

खाडीच्या अलीकडे कुंभारांचं एक गाव होतं आणि पलीकडे एक मोठं राज्य. त्या राज्यात बाळंतपणाची विद्या शिकवणारी नामांकित शाळा होती. अलीकडच्या गावात दोन वर्षांत चार बाळंतिणी गेल्या होत्या. म्हणून गोजरा नावाच्या कुंभाराच्या लेकीने ठरवलं, की आपण पलीकडे जायचं, ती विद्या शिकायची आणि परत यायचं. साऱ्या गावाचे डोळे तिच्याकडे लागले.

पण त्या शाळेचा एक नियम होता. आत यायचं तर आधी तिथल्या भाषेत निबंध लिहून दाखवायचा, आणि विषय आयत्या वेळी मिळायचा. 'बाईचं दुखणं ज्याला आमच्या भाषेत कळणार नाही, त्याच्या हाती आम्ही बाळंतीण देत नाही,' असं तिथले लोक म्हणत. म्हणणं काही चूक नव्हतं.

गोजराला ती भाषा येत होती. पलीकडून मडकी घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून ती शिकली होती. वाक्यं छोटी असत, पण समोरच्याला कळत. मात्र निबंध म्हटल्यावर तिचं धाबं दणाणलं. एवढ्याशा शब्दांवर आपल्याला कोण आत घेणार, असं तिला वाटायला लागलं.

गावात एक शास्त्रीबुवा होते. त्यांच्याकडे पलीकडच्या भाषेतला एक तयार निबंध होता. "विषय कोणताही येऊ दे," ते सांगत, "रिकाम्या जागी विषयाचं नाव घालायचं, बाकी हेच उतरवायचं. शब्द असे भारदस्त आहेत की वाचणारा गार पडतो." त्या निबंधात मधोमध एक वाक्य होतं: 'माझे वडील पुरात बुडून गेले आणि त्या दिवसापासून मला या गोष्टीचं मोल कळलं.' या वाक्यापाशी परीक्षकांचे डोळे हमखास भरून येतात, अशी शास्त्रीबुवांची खात्री होती.

गोजरा चरकली. तिचा बाप चांगला धडधाकट, घरी चाकावर बसलेला. पण तिने मनाची समजूत घातली. शब्दच तर आहेत, आणि बाला ही भाषा कुठे कळते?

सहा महिने ती माती तुडवता तुडवता मोठ्याने घोकत राहिली. बा चाक फिरवत ऐकत राहिला. "काय ग्वाड म्हनतीस गं," तो म्हणे. मग ती खाली मान घालून माती जरा जास्तच जोरात तुडवी.

परीक्षेच्या दिवशी दोघं नावेने पलीकडे गेली. बा धुतलेलं धोतर नेसून शाळेच्या अंगणात बसला. गोजरा आत गेली. विषय आला: 'कसब घरच्या वडीलधाऱ्यांकडून शिकावं, की शाळेत जाऊन? तुमचं मत कारणांसह लिहा.'

आता बघा, दैव देतं आणि कर्म नेतं. या विषयावर गोजराला काय कमी ठाऊक होतं? बाने तिचे हात धरून तिला चाकावर बसवलं होतं. मडकं बोटाने वाजवून ते नीट भाजलंय का, हे ओळखायला शिकवलं होतं. आणि 'बाळंतपनातलं मला काय कळत न्हाई, ते तू शाळंत शिकून ये,' असंही तोच म्हणाला होता. दोन्ही बाजू तिच्या घरातच होत्या. पण पाठ केलेलं हातातून आपसूक उतरत गेलं. एका रिकाम्या जागी तिने 'कसब' हा शब्द तेवढा भरला.

त्या शाळेची रीत अशी होती, की निबंध वाचून झाला की परीक्षकाने बाहेर यायचं आणि सोबत आलेल्यांना स्वतःच्या हाताने गूळपाणी द्यायचं. परीक्षक एक वयस्क बाई होत्या. गोजराचा निबंध वाचताना त्यांचे डोळे खरंच पाणावले. त्या तिला घेऊन अंगणात आल्या आणि बापुढे गुळाची वाटी धरली.

बा लगबगीने उठला. हात जोडले. एवढ्या मोठ्या बाईशी त्यांच्याच भाषेत दोन शब्द बोलावेत, म्हणून सहा महिने कानावर पडून पाठ झालेलं एकुलतं एक वाक्य त्याने घडाघडा म्हणून दाखवलं.

"माझे वडील पुरात बुडून गेले आणि त्या दिवसापासून मला या गोष्टीचं मोल कळलं."

बाईंचा हात तसाच थांबला. मागे उभे असलेले शाळेचे कारकून फिस्सकन हसले. आपलं बोलणं त्यांना आवडलं, असं वाटून बासुद्धा हसला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं गोजराला झालं.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"माझा बा," गोजरा म्हणाली.

"काय म्हनत्यात गं?" बाने विचारलं. शाळेचा दुभाष्या सांगायला पुढे झाला. बाईंनी त्याला अडवलं. "ती सांगेल," त्या म्हणाल्या.

गोजराने सांगितलं. जमिनीकडे बघत, एकेक शब्द करून, सगळं सांगितलं.

बा खाली बसला. "म्हंजे सा महिनं मी रोज मरतच हुतो म्हन की," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "मंग माझं खरं काय लिवलंस?"

"काईच न्हाई, बा."

बाईंनी कागद परत दिला. "तुझी छोटी वाक्यं मला चालली असती," त्या म्हणाल्या. "विचारलेल्याचं उत्तर हवं होतं, तुझं मत हवं होतं आणि तुझ्या घरचा एखादा दाखला. यातलं काहीच तू आणलं नाहीस." खोटं लिहिणाऱ्याला तीन वर्षं पुन्हा परीक्षेला बसता येत नसे.

त्या तीन वर्षांत गावातली आणखी एक बाळंतीण गेली. गोजराला कोणी बोल लावला नाही. तिला मात्र त्या घरावरून जाताना मान वर करता येईना.

चौथ्या वर्षी ती पुन्हा परीक्षेला निघाली. या वेळी तिने काही पाठ केलं नव्हतं. साध्या, छोट्या वाक्यांत तिने विचारलेल्याचं उत्तर दिलं, दाखला आपल्या बाच्या शिकवण्याचा दिला आणि तिला शाळेत घेतलं. पण त्या दिवशी ती नावेत एकटीच होती. "चल की," असं तिने निघताना बाला परत परत विनवलं होतं.

"नगं," बा हसत म्हणाला होता. "तितं समदी मला मेलेला म्हनून वळखत्यात."

गोजराला काही हसता आलं नाही.

म्हणून सांगतात: परक्या भाषेत खुशाल लिहावं, पण लिहावं ते आपलंच.